हिमालय हादरतो, मग पेटत का नाही?

२०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारला ७.७ चा भूकंप झाला. जुलैअखेर रशियाच्या कामचाटका किनाऱ्यावर ८.८ चा धक्का बसला आणि पाठोपाठ तिथले ज्वालामुखी धुमसू लागले. नोव्हेंबरात इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याची राख अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीवर आली. विमानं रद्द करावी लागली. अशा बातम्या लागोपाठ आल्या की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘पृथ्वी खवळली आहे.’

पण या तीन बातम्यांमध्ये एक फरक आहे. म्यानमारमध्ये जमीन फाटली, पण लाव्हा आला नाही. कामचाटकात दोन्ही झालं. इथिओपियात मुख्य बातमी ज्वालामुखीचीच होती. आणि आपल्या डोक्यावरचा हिमालय? तिथे शतकानुशतकं विध्वंसक भूकंप होत आले, पण अडीच हजार किलोमीटरच्या त्या रांगेत धगधगता ज्वालामुखी एकही नाही. असं का, हे समजलं की भूकंप आणि ज्वालामुखी यांचं मूळ गणित समजतं.

पायाखाली लाव्हाचा समुद्र नाही

आधी एक गैरसमज दूर करू. जमिनीच्या पातळ सालीखाली उकळता लाव्हा भरलेला आहे, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. ते चुकीचं आहे.

पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर. सर्वांत वरचं भूकवच खंडांखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं, समुद्रतळाखाली जेमतेम सहा-सात. त्याखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे आणि ते घन खडकाचं आहे. हे आपल्याला भूकंपलहरींमुळे कळलं. खडकाला आडवं हलवत जाणाऱ्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या आरपार जातात. त्याखालच्या बाह्य गाभ्यापाशी मात्र त्या अडतात, कारण तो द्रव आहे. पण तो आहे वितळलेल्या लोखंडाचा, आणि ज्वालामुखीतून बाहेर येणारा रस तिथून येत नाही.

प्रावरण घन असलं तरी प्रचंड तापलेलं आहे, म्हणून लाखो वर्षांच्या हिशेबात ते अतिशय हळू वाहतं. भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कडक थर मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीचा जो थर होतो, तो अखंड नाही. त्याचे सात मोठे आणि अनेक छोटे तुकडे आहेत. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. आपण ज्यावर राहतो तो भारतीय भूपट्ट ईशान्येकडे झुकत उत्तरेला वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो. वाचताना हे नगण्य वाटतं, पण दहा लाख वर्षांत ते पन्नास किलोमीटर होतात. ही चाल आज जीपीएसने मिलिमीटरपर्यंत मोजली जाते.

इतका मोठा तुकडा हलवतं कोण?

खालून वाहणारं प्रावरण भूपट्टांना सरकत्या पट्ट्यासारखं वाहून नेतं, असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं आहे. मोठी ओढ भूपट्टाच्या स्वतःच्या वजनाची असते. समुद्रतळ जसजसा जुना होतो तसतसा तो थंड आणि जड होत जातो. शेवटी एका कडेला तो प्रावरणात बुडू लागतो आणि आपल्यामागच्या सगळ्या पट्टाला खेचून नेतो. ज्या भूपट्टांची कड अशी बुडते आहे, ते इतरांपेक्षा वेगाने सरकताना दिसतात.

खंड सरकतात, असं जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच मांडलं होतं. पण कशामुळे सरकतात हे पटेल असं त्यांना सांगता आलं नाही आणि भूशास्त्रज्ञांनी ते झिडकारलं. पुरावा आला तो १९६० च्या दशकात, समुद्राच्या तळातून. महासागरांच्या मधोमध नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो, हे तिथल्या खडकांत गोठलेल्या चुंबकीय नोंदींवरून सिद्ध झालं. वेगेनर १९३० मध्येच ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले होते.

भूकंप म्हणजे अडकून सुटणं

पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. ओढलं तरी हलत नाही. जोर वाढवला की फळी किंचित वाकते, पण चौकट सोडत नाही. आणि मग एकदम खाडकन उघडतं आणि सगळी भिंत थरथरते. दोन भूपट्टांच्या कडा अशाच घर्षणाने एकमेकींत अडकलेल्या असतात. मागचा भाग वर्षाला काही सेंटिमीटर पुढे येतच राहतो, त्यामुळे कडेजवळचा खडक वाकतो. खडकही वाकतो, अगदी थोडा. ताण घर्षणापेक्षा वरचढ झाला की साठलेलं सगळं सरकणं काही सेकंदांत होतं. जिथे ते होतं त्या भेगेच्या पृष्ठाला भ्रंश म्हणतात.

१९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर भ्रंशाच्या दोन बाजूंची कुंपणं आणि रस्ते कित्येक फूट सरकलेले दिसले. त्यावरूनच अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी ही उपपत्ती मांडली.

भूकंप किती मोठा, हे भ्रंशाचा किती मोठा भाग सुटला आणि किती सरकला यावर ठरतं. आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनाने वाढला की हजार पट. म्हणजे ‘सहा आणि आठमध्ये फार फरक नाही’ हा समज किती घातक आहे ते पाहा.

खडक वितळतो तीनच कारणांनी

भूकंपाला मोडणारा, ताठर खडक लागतो. ज्वालामुखीला वितळलेला. या दोन निरनिराळ्या अटी आहेत, आणि सगळा घोटाळा त्या एकच मानल्याने होतो.

खोलवरचा खडक १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असूनही घन राहतो, कारण वरच्या वजनाचा दाब त्याला वितळू देत नाही. त्याचा शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, व्हायचा तर तीनपैकी एक गोष्ट घडावी लागते.

पहिली, दाब कमी होणं. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे खालचा गरम खडक वर येतो, त्याच्यावरचा भार घटतो आणि तापमान न वाढताही त्याचा काही भाग वितळतो. महासागरांच्या तळाशी सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची पर्वतरांग याच कारणाने तयार झाली आहे. आइसलँड हा तिचा पाण्यावर डोकावणारा भाग. इथिओपियाच्या अफार भागात हेच जमिनीवर चाललं आहे. आफ्रिकेचे दोन तुकडे आणि अरबस्तान असे तीन भूपट्ट तिथे एकमेकांपासून फाकत आहेत. २००५ च्या सप्टेंबरात तिथली जमीन साठ किलोमीटर लांबीत, काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत, दिवसांच्या मुदतीत फाकली. हायली गुब्बी याच भागातला.

दुसरी, पाणी मिसळणं. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. समुद्रतळाचा पट्ट दुसऱ्या पट्टाखाली बुडतो तेव्हा त्याच्या खनिजांत अडकलेलं समुद्राचं पाणीही खाली जातं. साधारण १०० किलोमीटर खोलीवर दाब आणि उष्णता इतकी वाढते की खनिजं ते पाणी सोडून देतात. पाणी वरच्या गरम प्रावरणात शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली आणतं. कोरडा असता तर घनच राहिला असता असा खडक पाण्यामुळे वितळतो. जपान, इंडोनेशिया, कामचाटका, चिली इथल्या ज्वालामुखींच्या रांगा याच पाण्याच्या आहेत. हा शिलारस घट्ट आणि वायूंनी भरलेला असतो, म्हणून तो संथ वाहत नाही, स्फोटाने फुटतो.

तिसरी, खालून जास्त उष्णता येणं. प्रावरणातून काही ठिकाणी नेहमीपेक्षा गरम खडकाचा लोट वर येतो. त्याचा भूपट्टांच्या कडांशी संबंध असेलच असं नाही. हवाई बेटं पॅसिफिक पट्टाच्या मधोमध आहेत ती त्यामुळे.

आता हिमालयाकडे पाहू

भारत आणि आशिया यांच्यामध्ये एकेकाळी टेथिस नावाचा समुद्र होता. देवघरातला शाळिग्राम हा त्याच समुद्रातल्या शंखवर्गीय प्राण्याचा जीवाश्म आहे. नेपाळच्या काली गंडकीत, समुद्रापासून इतक्या दूर तो सापडतो, कारण ती जमीन तेव्हा समुद्रतळ होती.

त्या काळात टेथिसचा तळ आशियाखाली बुडत होता. पाणी खाली जात होतं. म्हणजे दुसरी अट पुरी होत होती, आणि खरोखरच तिथे ज्वालामुखी होते. लेहच्या भोवतालचे ग्रॅनाइटचे डोंगर ही त्या ज्वालामुखींच्या खाली थिजलेल्या शिलारसाची मुळं आहेत. वरचा भाग झिजून गेला.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळ संपला आणि मागोमाग भारताचा खंडच येऊन धडकला. इथे सगळं बदललं. खंडाचा खडक हलका असतो, त्याची घनता प्रति घन सेंटिमीटर २.७ ग्रॅमच्या आसपास, तर प्रावरणाची ३.३. तो समुद्रतळासारखा खोल बुडत नाही. आशियाखाली तिरका घुसतो, चुरगळतो आणि वर उचलला जातो. तिबेटखाली भूकवचाची जाडी सत्तर किलोमीटरपर्यंत गेली आहे.

आता तीन अटी लावून पाहा. पट्ट फाकत नाहीत, उलट आवळले जात आहेत, म्हणून दाब कमी होत नाही. पाण्याने भरलेला समुद्रतळ खाली जात नाही, म्हणून खालचं प्रावरण ओलं होत नाही. आणि खालून वेगळा उष्ण लोटही नाही. जाड झालेल्या कवचात थोडंफार वितळणं झालं, त्यातून ग्रॅनाइटही बनलं, पण ते आतच थिजलं.

भूकंपाची अट मात्र पुरेपूर पाळली जाते. भारताच्या पाच सेंटिमीटरपैकी सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयाखालच्या भ्रंशावर अडकतात. शंभर वर्षांत दोन मीटर, पाचशे वर्षांत दहा. १९०५ मध्ये कांगडा, १९३४ मध्ये बिहार-नेपाळ, १९५० मध्ये ८.६ चा आसाम, २००५ मध्ये काश्मीर. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर वर उचलला गेला आणि दीड-दोन मीटर दक्षिणेकडे सरकला. त्याच वेळी शेजारच्या बऱ्याच भागातला ताण तसाच राहिला. उत्तराखंडातला मोठा पट्टा गेली कित्येक शतकं पूर्ण सुटलेला नाही. मला हिमालयाबद्दल सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते ती हीच.

म्यानमारचं उत्तरही यातच आहे. तिथल्या सागाइंग भ्रंशावर दोन तुकडे एकमेकांना घासून बाजूला सरकतात. कोणी फाकत नाही, कोणी बुडत नाही. म्हणून भूकंप होतो, शिलारस नाही.

भारतात दोन्ही एकत्र कुठे दिसतं?

अंदमानला. तिथे भारतीय भूपट्टाची समुद्राखालची कड बर्मा पट्टाखाली बुडते. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास ही कड सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर सुटत गेली. सुटायलाच आठ-दहा मिनिटं लागली. तीव्रता ९.१. समुद्रतळ उचलला गेल्याने पाणी उचललं गेलं आणि त्सुनामीत दोन लाखांहून अधिक माणसं गेली. भारताचं दक्षिण टोक, ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचलं.

त्याच बुडत्या कडेच्या पाण्याने बॅरन बेटाचा ज्वालामुखी जिवंत ठेवला आहे. दीडेक शतक शांत राहून तो १९९१ मध्ये जागा झाला आणि अधूनमधून अजून धुमसतो.

अशी एक कड मुंबईच्याही समोर आहे, अरबी समुद्रापलीकडे, मकरानच्या किनाऱ्यालगत. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे आठच्या वरचा भूकंप झाला तेव्हा त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि माणसं दगावली. ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ विसरली गेली आहे.

मग किल्लारी कशी झाली? लातूर कुठल्याही कडेवर नाही

हा आक्षेप अगदी योग्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर गावं झोपेत असताना, किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं मेली. तोपर्यंत दख्खनचं पठार ‘स्थिर’ समजलं जात होतं.

हिमालयापाशी चाललेल्या टकरीचा दाब फक्त कडेला राहत नाही. तो आख्ख्या भूपट्टातून पसरतो. पट्टाच्या आत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जुन्या भेगा आहेत, वरून बेसाल्टने, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाने, झाकलेल्या. त्यांच्यावर ताण अतिशय सावकाश साठतो, म्हणून दोन भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात आणि माणसांच्या आठवणीत त्यांची नोंदच नसते. २६ जानेवारी २००१ चा भूजचा ७.७ चा भूकंपही अशाच जुन्या, पुन्हा दाबल्या गेलेल्या भेगांच्या पट्ट्यात झाला.

किल्लारीपेक्षा २००४ च्या भूकंपाची ऊर्जा वीस हजार पटींहून जास्त होती. तरी ६.२ ने इतके बळी का घेतले? एक तर तो उथळ होता आणि गावांच्या अगदी खाली होता. दुसरं म्हणजे घरं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा असे दोन थर, दोन्हींना सांधणारे आडवे लांब दगड नाहीत, आणि वर उन्हापासून बचाव म्हणून टाकलेलं मातीचं जड माळवद. भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं.

कोयना धरणामुळे भूकंप होतात, हे खरं का?

बरंचसं. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. तेव्हापासून तिथे धक्के थांबलेले नाहीत. पाण्याने ताण निर्माण केला नाही, तो खडकात आधीच होता. पण भेगांमध्ये शिरलेल्या पाण्याच्या दाबाने भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवर पूर्वीइतक्या घट्ट दाबलेल्या राहत नाहीत, घर्षण कमी होतं आणि जे कधीतरी सुटायचं ते लवकर सुटतं. हे तिथल्या तिथे अभ्यासायला कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणलं आहे आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे.

मात्र किल्लारीचं खापर धरणांवर फोडण्याआधी थांबायला हवं. कोयनेइतका भक्कम पुरावा तिथे नाही.

सह्याद्रीच लाव्हाचा आहे. तो पुन्हा पेटेल का?

नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थरांनी वाहिला. घाटातून जाताना डोंगराच्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. तो आला होता तिसऱ्या कारणाने, खालच्या उष्ण लोटामुळे. तो लोट राहिला तिथेच, आपला भूपट्ट मात्र वरून उत्तरेला निघून गेला. जाताना मालदीवच्या बेटांखालची समुद्रातली रांग मागे सोडत गेला. तो लोट आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, मुंबईपासून साडेचार हजारांहून जास्त किलोमीटरवर, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

वज्रेश्वरी, उन्हेरे, राजवाडी इथले गरम झरे पाहून पुष्कळांना शंका येते. पण जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. पावसाचं पाणी भेगांतून दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन परत आलं तरी ते कढत येईल. त्यासाठी शिलारस लागत नाही.

आधी सांगता येतं का?

ज्वालामुखीचं बऱ्याचदा येतं. शिलारस वर येताना जमीन फुगते, छोटे धक्के बसतात, गंधकाचे वायू वाढतात. आइसलँडमध्ये नोव्हेंबर २०२३ ला ग्रिन्दाविक गाव याच खुणांवरून रिकामं केलं, उद्रेक डिसेंबरात झाला.

भूकंपाचा दिवस आणि वेळ कोणीही सांगू शकत नाही. किल्लारीत आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, छोटे धक्के बसले होते आणि नंतर मोठा आला. पालघरच्या डहाणू-तलासरीत २०१८ पासून शेकडो छोटे धक्के बसले आणि मोठा आला नाही. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून व्हॉट्सॲपवर तारीख देऊन भूकंप सांगणारा संदेश आला तर तो खोटा आहे, पाठवणारा कोणीही असो.

आपल्या हातात आहे ते बांधकाम. दगड-विटांच्या घरात दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही भिंतींना सलग गुंडाळणारा काँक्रीटचा पट्टा हवा, त्यात उभे-आडवे कोपरे सळईने बांधलेले हवेत. दगडी भिंतीत दोन्ही थर सांधणारे लांब दगड ठरावीक अंतराने हवेत. काँक्रीटच्या इमारतीत खांबांच्या उभ्या सळयांभोवती घातलेल्या रिंगांची टोकं ९० अंशांत वळवली तर हादऱ्यात उघडतात आणि सळया बाहेर फुगतात. ती १३५ अंशांत वळवून आत घुसवावी लागतात, आणि तुळई-खांबाच्या सांध्याजवळ रिंगा दाट घालाव्या लागतात. खाली नुसते खांब आणि पार्किंग, वर भिंतींनी भरलेले मजले, अशी रचना असेल तर सगळं वाकणं त्या एका मोकळ्या मजल्यावर येतं. भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या. आपल्या सोसायटीत असे खांब असतील तर संरचना अभियंत्याकडून ते तपासून घेता येतात, आणि गरज पडली तर जाड करता येतात किंवा मध्ये काँक्रीटच्या भिंती घालता येतात.